कापून टाकलेले ठोके

माझ्या नणदेला माझी नोकरी कधीच समजली नाही. "वहिनी कॉलेजात नळ्या धुते," असं ती पाहुण्यांना सांगायची. मीही ते कधी खोडून काढलं नाही, कारण निम्मं काम खरोखर तेच होतं. उरलेलं निम्मं सांगायला गेलं की ऐकणारा हातातला चहाचा कप खाली ठेवतो आणि माझ्या हातांकडे बघायला लागतो.

मेहकरजवळच्या एका फार्मसी कॉलेजाच्या मागच्या इमारतीत आमच्या दोन खोल्या होत्या. तिथे मी माणसाच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढवत असे. त्या यायच्या नाळेतून. बाळंतपण झालं की आईची सही घेऊन प्रसूतिगृहातली सिस्टर मला फोन करायची, मी बर्फाचा डबा घेऊन स्कूटरवर जायचे. नाळेत एक मोठी शीर असते. ती आतून धुवायची, तिच्यात एक द्रव भरून थोडा वेळ ठेवायचा, मग आतल्या भिंतीवरच्या पेशी सुटून येतात. त्यांना ऊबदार पेटीत, गुलाबी रंगाच्या पोषक पाण्यात ठेवलं की दोन दिवसांत त्या बशीला धरून बसतात आणि वाढू लागतात.

एकदा एका बाळाच्या आजीने मला दारातच अडवलं. "नाळ आमी पुरतो, बाई. तुमी काय करता?"

मी जमेल तसं सांगितलं.

"म्हंजे ते जितं राह्यते?"

"काही दिवस राह्यते, आजी."

तिने सुनेकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं. "मंग पोरगं इथं अन् ते तिथं, दोनी जितं?" म्हणाली, आणि मला वाट करून दिली. पण मी डबा घेऊन जिना उतरेपर्यंत ती वरून बघत होती.

रक्तवाहिनीच्या आत या पेशींचा एकच पातळ थर असतो, फरशी बसवल्यासारखा. त्या थरावरून रक्त जन्मभर घासत जातं. बशीतल्या साचलेल्या पाण्यात पेशींना हे घासणं मिळत नाही, म्हणून तिथे त्या खऱ्यासारख्या वागत नाहीत. आमच्या मॅडम पुण्याहून इथे आल्या त्या हेच काम करायला. काचेच्या पट्टीवर पेशी वाढवायच्या, वर एक अरुंद मार्ग बसवायचा, आणि पंपाने त्यातून पोषक पाणी वाहतं ठेवायचं. एखाद्या दिवसात पेशी लांबट होतात आणि सगळ्याच्या सगळ्या प्रवाहाच्या दिशेने वळतात. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून ते पाहिलं तेव्हा मी मागे सरकले होते. आदल्या दिवशी वेड्यावाकड्या पसरलेल्या त्या पेशींनी आता एकाच बाजूला तोंड केलं होतं. तोंड नसतंच त्यांना, हे मला माहीत होतं. तरी मी दार उघडलं म्हणून आतलं बोलणं एकदम थांबलं, असं काहीसं वाटलं.

आता रोग कुठे येतो ते सांगते. शेतातल्या पाटाला जिथे फाटा फुटतो तिथे एका कडेला पाणी गोल फिरतं आणि गाळ बसतो. मानेतली मोठी धमनी जबड्याखाली दोन फाट्यांत फुटते. तिथेही एका भिंतीशी रक्त असंच घोटाळतं. तिथल्या पेशींना दिशा कळत नाही, त्या चिडतात, चिकट होतात, येणाऱ्याजाणाऱ्याला धरून ठेवतात. चरबी बसते ती तिथे. आम्ही काचेत तो फाटा तयार केला होता. सरळ भागातल्या पेशी शिस्तीत, आणि वळणाशी त्याच बाळाच्या, त्याच वयाच्या पेशी दिशाहीन. दोन्हींत अंतर नखाएवढं.

या कामाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे हवेचा बुडबुडा. मोहरीएवढा बुडबुडा काचेवरून सरकत गेला की त्याच्या वाटेतल्या पेशी खरवडून निघतात. आठवड्याची मेहनत एका क्षणात संपते. एका उन्हाळ्यात असे बुडबुडे येऊ लागले आणि थांबेनात. पंपाच्या कंपनीचा माणूस पंधरा दिवस येणार नव्हता. आमचा शिपाई शेषराव म्हणाला, "मॅडम, गुलाबभाऊले बोलवू का? तो मोटरचा आवाज आयकूनच सांगते."

गुलाबराव मेहकरात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. मूळचे वडनेर भोलजीचे. साठी ओलांडलेला, काटक, खिशात नेहमी टेस्टर असलेला माणूस. त्यांनी बूट बाहेर काढले, मी दिलेली टोपी घातली, आणि पेटीसमोर उकिडवं बसून बराच वेळ नुसतं ऐकलं.

"मोटर चांगली हाय," ते म्हणाले. "तिले काऊन दोष देता? तुमचा पंप हवा धरून राह्यला. बाटली खाली ठेवली तुम्ही. ती वर घ्या. अन् मधात एक नयी उभी लावा, म्हंजे हवा तिथंच अडकून बसते."

आम्ही बाटली वर घेतली, मध्ये एक उभी नळी लावली. बुडबुडे थांबले. मॅडमनी त्यांना सूक्ष्मदर्शकातून पेशी दाखवल्या. गुलाबकाका डोळा लावून थिजल्यासारखे बसले. "हे मान्सात असते?" त्यांनी विचारलं. "माह्यातबी?"

त्यानंतर ते महिन्यातून एकदा तरी यायचे. काम असो वा नसो. पंप ऐकायचे, शेषरावबरोबर चहा प्यायचे आणि जायचे. असंच एकदा चहा पिताना त्यांनी सांगितलं, की गेल्या महिन्यात दुकानात बसल्या बसल्या दहा मिनिटं त्यांची जीभ जड झाली होती. गिऱ्हाइकाशी बोलायला गेले तर शब्दच येईनात. मग आपोआप बरं वाटलं. डॉक्टरांनी मानेची तपासणी केली, हृदयाचा कागद, म्हणजे ईसीजी, काढला. कागद चांगला आला होता.

"गळ्यातल्या नयीत थोडा गाळ हाय म्हनते डॉक्टर. गोळ्या देल्या." मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी त्या काचेवर यंत्राच्या मनानं पानी चालवता. माह्या गळ्यात जसं चालते, तसं नाई का चालवता येत?"

आमच्या मॅडम तेच करायच्या विचारात होत्या. परवानगीचे कागद आधीच तयार होते. गळ्यावर टेकवायचं पेनासारखं एक यंत्र असतं, आतलं रक्त किती वेगाने जातंय ते ऐकतं आणि संगणकात उतरवतं. हे काम माझं. काका टेबलावर आडवे झाले, मी त्यांच्या मानेवर ते टेकवलं आणि खोलीत आवाज घुमला. शूऽक, शूऽक, शूऽक. काका छताकडे बघत हसत होते. "लय जोरात चालून राह्यलं वो," म्हणाले.

दहा मिनिटं मी ते धरून होते. मध्येच आवाज अडखळला. एक ठोका आलाच नाही, मग दोन घाईघाईने आले. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. माझा हात अवघडला होता. मला वाटलं, हात हलला.

नंतर संगणकावर त्या लहरी पाहताना त्या अडखळलेल्या जागा स्पष्ट दिसत होत्या. पंपाला सतत चालवायला एकसारखे, स्वच्छ ठोके लागतात. मी त्या जागा एकेक करून कापल्या आणि उरलेलं नीट जोडलं. मला त्या कामाचा अभिमान होता, हेही लिहिते. मॅडम पाहून म्हणाल्या, "किती सुंदर लहर काढलीस गं. एकही डाग नाही." मी कापलेल्या तुकड्यांबद्दल काही बोलले नाही. हात हलल्याचं कशाला सांगायचं?

मग काचेवर गुलाबकाकांची नाडी सुरू झाली. पेटीच्या काचदारातून पाहिलं की गुलाबी पाण्याची पारदर्शक नळी प्रत्येक ठोक्याला किंचित उसळताना दिसायची. काका येऊन पाहून गेले. स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून, नळीकडे बघत उभे राहिले. "जुळत नाई वो मॅडम," म्हणाले. "आत्ता जिना चढून आले ना काका, म्हणून," मी म्हटलं. त्यांना पटलं.

पुतण्याच्या लग्नासाठी ते वडनेरला गेले. त्या आठवड्यात त्यांच्या नाडीवर नवीन पेशी चढवल्या होत्या. चौथ्या दिवशी सकाळी मी पेटीसमोर तापमान लिहून घेत होते, तेव्हा शेषराव दारात येऊन उभा राहिला.

"मॅडम, गुलाबभाऊ गेले."

"कुठे?" मी विचारलं.

मग मला समजलं. मांडवातच वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती. अकोल्याला नेईपर्यंत सगळं संपलं.

माझा हात अजून पेटीच्या दारावर होता. आत नळी उसळत होती. मी किती वेळ तिच्याकडे पाहत उभी होते, सांगता येणार नाही. माणूस तिकडे वडनेरला अंगणात ठेवलेला, आणि त्याची नाडी इथे, सदतीस अंशांच्या उबेत, एक ठोका न चुकता चाललेली. दोन पावलांवर बटण होतं. मी मॅडमना फोन केला. त्या परगावी होत्या. म्हणाल्या, "अजून तीन दिवस लागतील प्रयोगाला. पण तुला जमत नसेल तर थांबव. मी काही म्हणणार नाही."

मी थांबवलं नाही. मी बटणाकडे हात नेला होता, एवढं आठवतं. पण ते दाबणं माझ्याच्याने झालं नाही. दाबलं असतं तर मीच काहीतरी केल्यासारखं झालं असतं. ते तीन दिवस मी त्या खोलीत डबा खाल्ला नाही. शेषराव तर आत येईचना. बाहेरूनच विचारायचा, "चालू हाय?" मी म्हणायचे, "चालू आहे." काचेवरच्या पेशी सरळ भागात ओळीने उभ्या होत्या, वळणाशी बिथरलेल्या. कुणाचं तरी तान्हं बाळ मेहकरात दूध पीत होतं, आणि त्याच्या पेशींवरून एका मेलेल्या माणसाचं रक्त वाहत असल्यासारखं पाणी वाहत होतं. बाळाच्या आईला हे सांगितलं तर ती काय म्हणेल, असा विचार माझ्या मनात यायचा आणि मी तो हाकलून लावायचे.

तेरवी झाल्यावर चार-पाच दिवसांनी काकांच्या पत्नी, वच्छलाकाकू, एकट्याच आल्या. मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. ठेंगणी बाई, डोक्यावर पदर, हातात पिशवी.

"ते सांगत होते," काकू म्हणाल्या. "माही नाडी कॉलेजात चालते म्हने. मले वाटे, गंमत करून राह्यले. खरं हाय का?"

मी हो म्हटलं.

"मले पाह्यची हाय."

प्रयोग संपला होता. पेशी काढून झाल्या होत्या. पण लहर संगणकात होती, पंप मोकळा होता. नुसतं पाणी भरून मी ती सुरू केली आणि पेटीचं दार उघडलं. नळी उसळायला लागली. काकूंनी हात धुतले, पदराला पुसले आणि दोन बोटं हळूच नळीवर ठेवली. डोळे मिटले. मी बाजूला झाले. काकू रडतील असं वाटलं होतं, म्हणून मी पाण्याचा पेलाही भरून ठेवला होता.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते कोरडे होते.

"हे त्यायचं नाई," काकू म्हणाल्या.

"त्यांचंच आहे, काकू. मीच घेतलं."

"नाई वो बाई. हे एकसारखं हाय. त्यायचं असं नोतं." त्यांनी बोटं काढली नव्हती. "मी त्यायच्या छातीवर डोकं ठेवून निजो. चाले, चाले, अन् मधातच थांबे. मले वाटे, आता येतच नाई. मंग दोन घाईघाईनं येत. रोज नाई, पन कधी कधी रातभर तसं. हे दुसऱ्या कोनाचं हाय. तुमचा काही घोटाळा झाला."

माझा हात हलला नव्हता.

मूळची, न कापलेली नोंद मी ठेवली होती. काम नीट करायची सवय म्हणून. मी ती काढली आणि पंपाला दिली. नळी उसळू लागली. एक, दोन, तीन, चार. काकूंची बोटं नळीवर तशीच होती. पाच, सहा. आणि नळी थांबली.

पंप थांबला, पाणी थांबलं, खोलीतला तो बारीक आवाज थांबला. मी श्वास धरला. काकूंनीही धरला असावा. आम्ही दोघी त्या नळीकडे पाहत राहिलो. तो थांबा फार तर दीड-दोन सेकंदांचा असेल, नंतर मी मोजला आहे. पण तेव्हा मला खात्री वाटली की आता ती हलणार नाही.

मग दोन ठोके आले, एकावर एक, घाईघाईने.

"हां," काकू म्हणाल्या. एवढंच. त्यांचा चेहरा वितळल्यासारखा झाला. "हां. आले."

मी ते तसंच चालू दिलं. प्रत्येक थांब्याला त्यांची बोटं नळीवर जरा जास्त दाबली जायची आणि ठोका आला की सैल व्हायची. मला तिथे उभं राहवेना आणि जाताही येईना. शेवटी मी बोलले.

"काकू, हे मले दिसलं होतं. मी कापून टाकलं."

"काऊन?"

"मले वाटलं, माहा हात हलला."

"अन् हे कोनाले सांगतलं असतं तं?"

खोटं बोलायची ती वेळ नव्हती. नाडी अशी अडखळते तेव्हा हृदयात रक्ताची गुठळी धरू शकते, ती सुटून मेंदूत जाऊ शकते. त्यासाठी वेगळी गोळी असते. कागद काढला त्या दिवशी त्यांची नाडी सरळ चालली असणार, म्हणून डॉक्टरांना दिसलं नाही. मला दिसलं. मी डॉक्टर नाही. पण एक फोन मी करू शकले असते. हे सगळं मी त्यांना सांगितलं. वाचले असतेच असं नाही, हेही सांगितलं, आणि सांगताना ते वाक्य मी माझ्यासाठी बोलतेय हे मला ऐकू आलं.

काकूंनी नळीवरून बोटं काढली. पिशवी उचलली. शेषरावने चहा आणला होता, तो त्यांनी घेतला नाही. फाटकापर्यंत मी मागे गेले. मागे वळूनही न पाहता त्या एसटीच्या थांब्याकडे चालत गेल्या.

मॅडम आल्या तेव्हा मी दोन्ही लहरी त्यांच्यासमोर ठेवल्या, कापलेली आणि न कापलेली. त्या खुर्चीत बसून बराच वेळ पाहत होत्या. "इतकी स्वच्छ लहर साठीच्या माणसाची कशी, हे मी विचारायला हवं होतं," असं म्हणाल्या. आणि त्याच आठवड्यात त्यांनी कामाची पद्धत बदलली. त्या दिवसापासून गळ्याची नोंद घेतली की ती आधी एका हृदयाच्या डॉक्टरांकडे जायची, मगच आमच्या संगणकात. मी प्रत्येक अडखळणारी जागा लाल खुणेने दाखवायचे. माझा हात खरंच हलला असेल तरी. त्यातून हिवरा आश्रम गावच्या एका शिक्षिकेची अशीच नाडी सापडली. तिला गोळी सुरू झाली, ती अजून शिकवते. मला रस्त्यात भेटली की हात जोडते. मी पटकन दुसरा विषय काढते.

काकू परत आल्या त्या सोयाबीन निघून गेल्यावर. मी जेवणाच्या सुट्टीत पायरीवर बसले होते, त्या शेजारी येऊन बसल्या.

"तुमच्यावर लय राग आला होता," त्या म्हणाल्या. "दोन महिने घरात बसून तुम्हालेच बोलत होती मी. मंग एक दिवस मनात आलं, का बाई, तू इतकी वर्सं कानानं आयकत होती. तू कोनाले सांगतलं? मले वाटे, झोपेत मान्साचं असंच होत असन." त्या थांबल्या. "तरी राग गेला नाई. खोटं काऊन बोलू?"

"नका बोलू," मी म्हटलं.

"एक काम होतं. ते यंत्र माह्या गळ्याले लावता का?"

मला वाटलं, त्यांना भीती वाटतेय. बरोबरच होतं. मी त्यांना आत नेलं, टेबलावर निजवलं आणि ते पेन मानेवर टेकवलं. शूऽक, शूऽक. दोन्ही हातांनी धरून, कोपर टेबलाला टेकवून, मी दहा मिनिटं पूर्ण घेतली. ठोका ना ठोका मोजल्यासारखा येत होता. काकू छताकडे पाहत कान देऊन ऐकत होत्या. आवाज बंद केला तेव्हा मला खरंच हलकं वाटत होतं.

"काकू, एकदम सरळ हाय. एकबी ठोका चुकला नाई."

त्या उठून बसल्या. मी हसत होते. काकू हसल्या नाहीत.

"एकबी नाई?"

"एकबी नाई."

"इतकी वर्सं त्यायच्या ठोक्यावर कान ठेवून निजली मी," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, थोडं तरी माह्यात आलं असन."

त्या पुन्हा आडव्या झाल्या. मानेवरचा पदर त्यांनी स्वतःच बाजूला केला.

"आखीन एक डाव पाह्य, माय," काकू म्हणाल्या. "नीट पाह्य."